नोझल धुतलं, स्वच्छ झालं का?

सर्किट बोर्डावर सुटे भाग बसवणारं आजचं एक वेगवान मशीन तासाला तीस-पस्तीस हजार भाग बसवतं. ते विकताना कॅमेरे, लिनियर मोटर आणि सॉफ्टवेअर यांची वर्णनं ऐकायला मिळतात. इतक्या थाटामाटात भागाला प्रत्यक्ष स्पर्श मात्र एकाच गोष्टीचा होतो, तो म्हणजे नोझलच्या टोकाचा. बोटाच्या पेरापेक्षा फारशी मोठी नसलेली ही नळी निर्वाताने फीडरमधला भाग उचलते, कॅमेऱ्यासमोरून नेते, सोल्डर पेस्टवर टेकवते आणि हलक्या फुंकरीने सोडून देते. काही मशिनांच्या एकेका हेडवर अशी २४ नोझल असतात. तासाला ३५ हजारांच्या हिशेबाने एकेका नोझलच्या वाट्याला सुमारे साडेचौदाशे उचली येतात. दिवसाचे वीस तास लाइन चालली तर एकोणतीस हजार.

नोझलच्या देखभालीची चर्चा निघाली की ती हटकून एकाच ठिकाणी येऊन थांबते: कशात धुवायचं, किती मिनिटं आणि आठवड्यातून किती वेळा. हे प्रश्न रास्त आहेत, पण सोपे आहेत. कोणतं नोझल धुवायला काढायचं हे ओळखणं अवघड असतं, आणि धुतलेलं नोझल कामाला लायक झालं की नाही हे तपासणं त्याहून अवघड. बहुतेक कारखान्यांत मधल्या धुण्याचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असतं आणि आधीचं-नंतरचं काम ऑपरेटरच्या अनुभवावर सोडलेलं असतं. या लेखाचा रोख त्या दोन कामांवर आहे.

आधी नोझल भाग धरतं कसं ते पाहू, कारण घाणीने नेमकं काय बिघडतं याबद्दल एक गैरसमज आहे. ०.६ × ०.३ मिलिमीटरचा सिरॅमिक कपॅसिटर घ्या. त्याचं वजन साधारण ०.३ मिलिग्रॅम भरतं. नोझलचं छिद्र ०.२ मिलिमीटर व्यासाचं आणि निर्वात ८० किलोपास्कलचा धरला, तर पकड सुमारे पाव ग्रॅमची येते, म्हणजे भागाच्या वजनाच्या आठशे पट. हेड कितीही वेगाने वळलं तरी एवढ्या पकडीतून असा भाग सहसा निसटत नाही. छिद्र अर्धं बुजलं तरी चारशे पट जोर उरतोच. मग थोड्याशा घाणीने मशीन इतकं का कुरकुरतं?

त्याची कारणं दुसरीकडे आहेत. पहिलं कारण मोजणीचं. भाग टोकाला लागला की नाही हे मशीन हवेच्या दाबावरून किंवा प्रवाहावरून ओळखतं. छिद्र उघडं असलं की हवा आत येते, भाग लागला की थांबते. बारीक छिद्रात मुळातच कमी हवा वाहते, त्यामुळे या दोन अवस्थांतला फरक लहान असतो. व्यास ०.२ वरून ०.१४ मिलिमीटर झाला की क्षेत्रफळ निम्मं होतं आणि तो लहानसा फरकही पुसट होत जातो. रिकामं नोझल भरलेलं वाटू लागतं, किंवा भाग बसवून झाल्यावरही मशीनला तो टोकालाच चिकटलेला दिसतो. दुसरं कारण बैठकीचं. टोकाच्या कडेवर फ्लक्सचा पापुद्रा असला की भाग तिरका बसतो आणि कॅमेऱ्याला त्याची कड चुकीच्या जागी दिसते. तिसरं कारण सुटकेचं: चिकट टोकावरून भाग फुंकरीनेही सुटत नाही आणि मशीन तो परत घेऊन जातं. चौथं कारण स्प्रिंगचं, आणि माझ्या मते ते सर्वांत घातक. नोझलची दांडी स्प्रिंगवर आत-बाहेर सरकली पाहिजे. ती अडकली तर भागावर पडणारा दाब नेमका राहत नाही. सिरॅमिक कपॅसिटरला त्या धक्क्याने केसासारखा तडा जातो, बोर्ड तपासणीत पास होतो आणि पुढे केव्हातरी ग्राहकाच्या हातात तो कपॅसिटर शॉर्ट होतो. आयपीसी-ए-६१० हे मानक तयार बोर्डाकडे पाहतं. कपॅसिटरच्या पोटातला तडा बाहेरून दिसत नाही, आणि तो देणारं नोझल त्या वेळी तिथे नसतंच.

यात आणखी एक गुपचूप वागणारं कारण आहे, ते चुंबकत्वाचं. पोलादी टोकं कालांतराने थोडी चुंबकीय होतात. चिप कपॅसिटरच्या टोकांवर कथिलाखाली निकेलचा थर असतो आणि निकेल चुंबकाला ओढलं जातं. मिलिग्रॅमच्या अंशाएवढ्या वजनाला तेवढी ओढही पुरते. अशा नोझलला कितीही धुतलं तरी भाग चिकटून परत येण्याची तक्रार जात नाही. त्यासाठी डीमॅग्नेटायझर लागतो आणि तो अनेक ठिकाणी टूलरूममध्ये पडून असतो.

आता घाणीकडे. कागदी टेपमधला धागा आणि भुकटी, टेपवरच्या झाकणपट्टीचा चिकटा, कॉम्प्रेसरच्या हवेतलं तेल आणि फ्लक्सचा अंश, असे बरेच पाहुणे असतात. पण घरात ठाण मांडणारा पाहुणा म्हणजे सोल्डर पेस्ट. वजनाने जवळपास नव्वद टक्के धातूची भुकटी आणि उरलेला फ्लक्स. टाइप ४ पेस्टमधले गोळे २० ते ३८ मायक्रॉनचे, टाइप ५ मधले १५ ते २५ मायक्रॉनचे. ०.४ × ०.२ मिलिमीटरच्या भागासाठी लागणाऱ्या नोझलचं छिद्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतं. ते बुजवायला टाइप ४ चे मूठभर गोळे पुष्कळ झाले.

पेस्ट मुळात नोझलपर्यंत पोचते कशी, हा प्रश्न फार कमी विचारला जातो. नोझलचा आणि पेस्टचा थेट संबंध यायलाच नको, मध्ये भाग असतो. ज्या वेळी तो नसतो त्या वेळी पेस्ट लागते. उचल चुकली आणि मशीनला ते कळलं नाही, तर रिकामं टोक सरळ पेस्टमध्ये बुडतं. भागापेक्षा टोक रुंद निवडलं असेल तर कडा लागतात. बोर्ड खालून नीट टेकवलेला नसेल, आधाराच्या पिना चुकीच्या जागी असतील, तर बोर्ड वर-खाली झुलतो आणि टोक कुठे थांबेल याचा भरवसा राहत नाही. प्रोग्राममध्ये भागाची उंची चुकीची भरली असेल तरी तेच. पहिल्या कारणात एक चक्र लपलेलं आहे: बुजलेलं छिद्र रिकाम्या टोकाला भरलेलं दाखवतं, रिकामं टोक पेस्टमध्ये जातं आणि आणखी बुजतं. म्हणून एकच नोझल वारंवार पेस्टने माखून येत असेल तर ते पुन्हा पुन्हा धुण्याआधी प्रोग्राम आणि आधारपिना पाहाव्यात.

इथे मापांच्या गोंधळाचा उल्लेख करायला हवा. इंची पद्धतीतला ०२०१ म्हणजे ०.६ × ०.३ मिलिमीटर, आणि मेट्रिक पद्धतीतला ०२०१ म्हणजे ०.२५ × ०.१२५ मिलिमीटर. ०४०२ चीही तीच गत: एकीकडे १.० × ०.५, दुसरीकडे ०.४ × ०.२. नोझल मागवताना कोणता आकडा कोणत्या पद्धतीतला हे लिहिलं नाही तर नवं कोरं, चकचकीत स्वच्छ नोझलही चुकीचंच येतं.

नोझल धुवायला काढायचं केव्हा? सर्वांत प्रचलित उत्तर कॅलेंडरचं. दर सोमवारी सगळी काढा, धुवा, लावा. शिस्त म्हणून ते वाईट नाही. पण एकाच हेडवरच्या दोन नोझलांचं आयुष्य सारखं नसतं; एक दिवसभर कागदी टेपमधले रेझिस्टर उचलतं, दुसरं प्लास्टिक टेपमधली मोजकी आयसी. शिवाय प्रत्येक काढघालीत ओ-रिंग झिजते, टोक आपटण्याची शक्यता वाढते. चांगलं चाललेलं नोझल विनाकारण धुणं हा सुद्धा झिजेचाच प्रकार आहे.

दुसरं उत्तर मशीनकडेच असतं. आजची जवळपास सगळी मशीन नोझलनिहाय आणि फीडरनिहाय चुकलेल्या उचलींचा हिशेब ठेवतात. तो वाचण्याची रीत साधी आहे. एकच नोझल अनेक फीडरांवर चुकत असेल तर दोष नोझलचा. अनेक नोझलं एकाच फीडरवर चुकत असतील तर फीडर, त्याची उचलण्याची जागा किंवा रीलचा जोड पाहावा. नोझल बदललं तरी हेडवरची तीच जागा चुकत राहिली तर हेडमधला फिल्टर, ओ-रिंग किंवा व्हॅक्यूमची वाट. एवढं केलं तरी निम्मे वाद मिटतात. प्रत्यक्षात शिफ्टमध्ये काय घडतं? आधी फीडरला शिवी, मग फीडर बदल, मग उचलीच्या जागेची थोडी सरकवासरकव. नोझलकडे लक्ष जातं तोपर्यंत फीडरची मापं बिघडलेली असतात, आणि नोझल साफ झाल्यावर त्या बिघडवलेल्या मापांमुळे पुन्हा चुका सुरू होतात.

याहून वाईट एक सवय आहे. व्हॅक्यूम तपासण्याची मर्यादा सैल करायची, किंवा भाग परत आला का हे पाहणारी तपासणी बंदच ठेवायची, म्हणजे मशीन थांबत नाही. त्या शिफ्टचा आकडा सुंदर दिसतो. पुढे ऑप्टिकल तपासणीत भाग गायब, तिरके, एकावर एक पडलेले दिसू लागतात आणि दोष पेस्ट छपाईवर ढकलला जातो. मर्यादा कोणी, केव्हा आणि का बदलली याची नोंद ठेवण्याइतकी स्वस्त देखभाल दुसरी नसेल.

वाया जाणाऱ्या भागांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. हजारात एक उचल चुकली तर तासाला पस्तीस भाग डंप बॉक्समध्ये जातात. पैशांत ते किरकोळ वाटतं. २०१८ मध्ये जगभर सिरॅमिक कपॅसिटरांची टंचाई झाली, तेव्हा जे रील मिळेल ते घेण्याची पाळी आली होती. अशा दिवसांत डंप बॉक्स हा कचऱ्याचा डबा राहत नाही.

मग धुणं. सर्वांत जुनी रीत बारीक तारेची किंवा पिनची. छिद्रात अडकलेला एखादा धागा काढायला ती ठीक, पण रोजची रीत म्हणून नको. पिन जाड असली तर छिद्र खरवडतं, आत मोडली तर नोझल गेलंच. टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेली काडी फिरवणं बरं. त्याने बाहेरचा फ्लक्स निघतो, आतला राहतो.

सर्वत्र आढळणारी पद्धत म्हणजे अल्ट्रासॉनिक टाकी. द्रवात ४० हजार हर्ट्झच्या आसपास कंपनं सोडली की सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, फुटतात आणि त्या धक्क्याने घाण सुटते. घड्याळाच्या भागांपासून दातांच्या हत्यारांपर्यंत ही पद्धत सिद्ध आहे, म्हणून नोझललाही ती आपोआप लागू समजली गेली. पण एक जुना हिशेब इथे आठवावा. मार्सेल मिनेर्ट या बेल्जियममध्ये जन्मलेल्या खगोलशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये वाहत्या पाण्याच्या आवाजाचा अभ्यास करताना बुडबुड्याचा आकार आणि त्याच्या कंपनाचा वेग यांचं नातं मांडलं. त्या नात्यानुसार ४० हजार हर्ट्झला पाण्यात साथ देणारा बुडबुडा जवळपास ०.१६ मिलिमीटर व्यासाचा असतो. आपल्या सर्वांत बारीक नोझलचं छिद्र त्याहून अरुंद! टाकीतले सगळे बुडबुडे याच मापाचे नसतात, लहानही असतात, आणि जास्त वारंवारितेच्या टाकीत ते आणखी लहान होतात. तरीही टाकीत नोझलचं अंग लखलखीत होतं आणि छिद्राच्या आतली भिंत तशीच राहते, या नेहमीच्या अनुभवाचं बरंचसं उत्तर या मापात आहे. छिद्रात हवा अडकून राहिली तर द्रव आत पोचतच नाही, ही आणखी एक अडचण.

टाकीचे दुष्परिणामही आहेत. कॅमेऱ्याला भाग उठून दिसावा म्हणून टोकांवर काळा लेप असतो आणि काही नोझलांवर प्रकाश परतवणारी चकती चिकटवलेली असते. जास्त वेळ, जास्त गरम द्रवात लेप उडतो, चकतीचा गोंद सुटतो, ओळखीचा कोड निघून येतो. लेप उडालेलं चमकदार टोक कॅमेऱ्याला भागाचाच तुकडा वाटतं, मग पुन्हा चुका. रबरी टोकाची नोझलं काही सॉल्व्हंटमध्ये फुगतात. सिरॅमिक टोकं सुटी टाकली तर एकमेकांवर आपटून कडेचे टवके उडतात, त्यामुळे त्यांना खाचांची जाळीच हवी. सर्वांत गंभीर बाब आगीची. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ १२ अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि चालू टाकी स्वतःच तापत जाते. टाकीत थेट अल्कोहोल ओतण्याची पद्धत काही ठिकाणी अजून दिसते, ती ताबडतोब थांबायला हवी. पाण्यात मिसळणारं, उत्पादकाने मान्य केलेलं डिटर्जंट वापरावं.

अलीकडची रीत फवाऱ्याची. क्षाररहित पाणी जोराच्या हवेबरोबर सूक्ष्म थेंबांत फोडायचं आणि प्रत्येक नोझलच्या छिद्रातून आरपार मारायचं, मग गरम हवेने वाळवायचं. रसायन लागत नाही, आणि छिद्राच्या आत जोर पोचतो हा मुख्य फायदा. फ्लक्स फार दिवस वाळून काचेसारखा झाला असेल तर पाणी कमी पडतं आणि पुन्हा डिटर्जंटकडे जावं लागतं. यंत्र महाग आहे. तरी ०.६ × ०.३ किंवा त्याहून लहान भाग रोज बसवणाऱ्या लाइनला मी हाच पर्याय सुचवेन. मोठेच भाग बसवणाऱ्याला साधी टाकी, योग्य डिटर्जंट आणि घड्याळ एवढ्यावर काम भागतं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर दख्खनच्या बोअरवेलचं पाणी वगळू नये. बऱ्याच ठिकाणी ते जड असतं. त्यात धुतलेलं नोझल वाळलं की छिद्राच्या काठावर क्षाराची पांढरी रिंग राहते. फ्लक्स काढून चुना भरण्यात काय हशील? शेवटची विसळणी तरी क्षाररहित पाण्याची असावी.

धुण्यानंतरच्या कामाला जेमतेम पाच मिनिटं लागतात, तरी तेच वगळलं जातं. दांडी आणि बाही यांच्यामधलं पाणी पूर्ण वाळलं पाहिजे, नाहीतर स्प्रिंग गंजते. धुण्यात वंगण गेलेलं असतं. ते लावायचं की कोरडंच ठेवायचं हे नोझलच्या जातीवर ठरतं. जिथे लावायचं तिथे थेंबाचाही अंशच, कारण जादा वंगण कागदाची भुकटी गोळा करून लापशी बनवतं. दांडी बोटाने दाबून सोडावी आणि ती न अडखळता परत येते का पाहावं. टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरून कडा, टवके, लेप तपासावा. आणि शेवटी हवेचा प्रवाह मोजावा, त्याच जातीच्या नव्या नोझलच्या आकड्याशी ताडून. प्रकाशाकडे धरून छिद्र दिसतं का हे पाहणं पुरेसं नाही, निम्मं बुजलेलं छिद्रही प्रकाश दाखवतं. फुजीच्या स्मार्ट नोझल क्लीनरसारखी यंत्रं धुणं, तपासणी आणि साठवण एकाच कपाटात करतात. नोझलवरच्या कोडमुळे प्रत्येकाचा इतिहासही राहतो. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी प्रवाहमापक आणि एक वही एवढ्यावर सुरुवात करावी.

अशा कपाटातूनही एक गोष्ट सुटते, ती हेडमधला फिल्टर. नोझलने ओढलेली भुकटी त्यात साचते. तो तुंबला की सगळी नोझलं नवी घातली तरी निर्वात उशिरा बनतो आणि उशिरा सुटतो. नोझलच्या वेळापत्रकात फिल्टरचा रकाना नसेल तर ते वेळापत्रक अर्धंच आहे.

हवेचा मुद्दा आपल्याकडे पावसाळ्यात टोकाला जातो. भोसरी, चाकण, रांजणगाव भागात वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या लाइन आहेत, आणि २०२२ मध्ये रांजणगावला केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहाची मंजुरीही मिळाली. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या दर घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम बाष्प असतं. ती हवा आठपट दाबून पुन्हा थंड केली की त्यातल्या जवळपास २२ ग्रॅमचं पाणी होतं. ड्रायर आजारी असेल तर ते पाणी कॉम्प्रेसरच्या तेलासह फुंकरीच्या वाटेने नोझलमध्ये उतरतं आणि भुकटीचा लगदा करतं. आयएसओ ८५७३-१ मध्ये दाबाखालच्या हवेच्या शुद्धतेचे वर्ग दिले आहेत. पाण्याचा चौथा वर्ग म्हणजे दाबाखाली ३ अंशांचा दवबिंदू. मशीनच्या पुस्तिकेत कोणता वर्ग मागितला आहे ते पाहून जूनच्या आधी ड्रायर आणि आपोआप पाणी काढणारे व्हॉल्व्ह तपासले, तर जुलैतलं धुणं बरंच कमी होतं.

याच कारखान्यात नोझल नावाची आणखी दोन मंडळी असतात. गोंद टाकणाऱ्या सुया वापर थांबताच साफ कराव्या लागतात, गोंद आत घट्ट झाला की त्या टाकूनच द्याव्या लागतात. निवडक सोल्डरिंगच्या नोझलचा न्याय तर उलटा आहे: तिथलं ओलं होणारं टोक कोरडं, स्वच्छ ठेवायचं नसून सतत कथिलाने माखलेलं ठेवायचं असतं. ते ऑक्सिडाइझ झालं की सोल्डरची लाट एका बाजूला वाहू लागते, आणि ॲडिपिक ॲसिडची भुकटी लावून त्याला पुन्हा ओलं करावं लागतं.

उरला निवृत्तीचा प्रश्न. नोझल टाकून द्यायला कोणी धजत नाही. संशयित नोझल ड्रॉवरमध्ये जातं आणि टंचाईच्या रात्री तेच पुन्हा हेडवर येतं. मूळ उत्पादकाचं नोझल महाग म्हणून बाजारातली स्वस्त नक्कल घेतली जाते. काही नकला चांगल्या असतात, काहींचं छिद्र मध्यापासून सरकलेलं असतं किंवा लांबी मिलिमीटरच्या अंशाने चुकलेली असते. म्हणून नवं नोझलही धुतलेल्याच तपासणीतून जावं: सूक्ष्मदर्शक, लांबी, स्प्रिंग, प्रवाह. जे यात दोनदा नापास होईल त्याचं टोक पक्कडीने तोडून मगच भंगारात टाकावं, म्हणजे ड्रॉवरमधून त्याची परत वर्णी लागत नाही.